तोंडी लावायला काय आहे?

मित्रमैत्रिणींनो, आणि मासिक चाळता चाळता चुकून या पानावर थांबलेले सर-मॅडम, आधी एक खुलासा. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे पोळीला सॉस लावून खाण्यातला प्रकार आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापू नयेत, ही नम्र विनंती!

विषय मात्र गंभीर आहे. मेस कमिटीने या सेमिस्टरला प्रत्येक फ्लोअरकडून एकच नाव मागवलंय. जेवणाच्या टेबलावर मिठाच्या शेजारी कायम काय ठेवायचं? सॉस, लोणचं, ठेचा की चटणी? चारातलं एकच, कारण कॉन्ट्रॅक्टरकाका त्याहून जास्त द्यायला तयार नाहीत. आता कोल्हापूर, जळगाव, रत्नागिरी आणि बार्शी अशा चार ठिकाणच्या मुली एका कॉटवर बसल्या की काय होणार? सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा आमच्या फ्लोअरवर इतका आवाज झाला नव्हता. रेक्टर मॅडम दोनदा वर येऊन गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा जाता जाता "लसणाची चटणी कुणी म्हटलं की नाही?" असं विचारून गेल्या, ते वेगळं.

वाद रंगला खरा, पण कुठे पोचला नाही. कारण प्रत्येक जण आपापल्या जिभेच्या वतीने बोलत होती. "आमच्याकडचा ठेचा खाऊन बघ, मग बोल!" याला उत्तर काय देणार? इंजिनिअरिंगला येऊन आपण एवढं तरी शिकलोय, की 'बेस्ट' म्हणायच्या आधी स्पेसिफिकेशन लिहायला हवं. कशासाठी बेस्ट? कुठे? कोणत्या परिस्थितीत?

मी सुरुवात शब्दापासून केली. इंग्रजीतला 'कॉन्डिमेंट' हा शब्द लॅटिनमधल्या ज्या क्रियापदावरून आलाय, त्याचा अर्थ मसाला लावणं, मुरवणं, टिकवून ठेवणं. म्हणजे त्या शब्दाच्या पोटात बरणी आहे. आपला शब्द आहे 'तोंडीलावणं'. त्यात बरणी नाही, तोंड आहे. घास उचलायचा, तोंडाला लावायचा, आणि तो आत जाईल अशी सोय करायची. या दोन शब्दांतून दोन कसोट्या आपोआप मिळतात : पदार्थ टिकला पाहिजे, आणि त्याने घास खाली उतरला पाहिजे. तिसरी कसोटी माझ्या बार्शीच्या रूममेटने दिली, तिच्याकडे नंतर येते.

एक मुद्दा आधीच निकालात काढू. "ठेचा अस्सल मराठमोळा, सॉस परदेशी" हे वाक्य त्या रात्री निदान दहा वेळा ऐकलं. मंडळी, मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आल्यानंतर ती आपल्याकडे आली. त्याआधी आपल्या जेवणातला तिखटपणा मिऱ्यांचा आणि पिंपळीचा होता. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा, टोमॅटोही तिकडचाच. ज्याला आपण टोमॅटोचं सॉस म्हणतो त्या केचपचं नाव बहुधा चीनच्या फूज्येन भागातल्या माशांच्या सॉसवरून आलंय! खरा जुना कोण, तर तीळ. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडलेत. पण तिळाच्या चटणीच्या बाजूने त्या रात्री कुणीच बोललं नाही. थोडक्यात, पासपोर्ट तपासून काही सिद्ध होत नाही. पासपोर्टचा मुद्दा बाद.

सॉसपासून सुरू करते, कारण मॅगी आणि समोसा यांच्या जोरावर त्याला बरीच मतं पडणार हे दिसतंय. सॉसमध्ये मला आवडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे त्याची फ्लुइड मेकॅनिक्स. बाटली उलटी केली तरी ते हलत नाही, आणि बुडावर थाप मारली की एकदम अर्धी बाटली ताटात. हा आपल्या नशिबाचा दोष नाही. सॉस 'नॉन-न्यूटोनियन' द्रव आहे. ठराविक जोर लागेपर्यंत तो वाहतच नाही, आणि एकदा वाहायला लागला की जितका जोर जास्त तितका तो पातळ होतो. सेकंड इयरच्या व्हायव्हात उदाहरण म्हणून सांगायला उत्तम. पण टिकण्यासाठी आणि चवीसाठी त्यात जी साखर असते ती पाहा. बाटलीवरच्या घटकांच्या यादीत ती बरीच वर सापडते. वरण-भातावर सॉस घालून खाणारी व्यक्ती मी पाहिलेली आहे, पण त्याविषयी इथे न लिहिलेलंच बरं. तळलेल्या पदार्थासाठी सॉस ठीक. रोजच्या पोळीचा घास त्याने उतरत नाही, गोड होतो.

आता ठेचा. याला कोल्हापूरची मुलगी खर्डा म्हणते, जळगावची ठेचा, आणि दोघींच्या मते दुसरीचं चुकतंय. कोण म्हणतं खर्डा जाडाभरडा, कोण म्हणतं शेंगदाणे पडले की नाव बदलतं. मी यात पडत नाही. हिरव्या मिरच्या, लसूण नि मीठ, थोड्या तेलावर परतून तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडायचं, यावर दोघींचं एकमत आहे. मिक्सरमध्ये फिरवलेल्याला दोघीही 'पेस्ट' म्हणतात, आणि तो शब्द ज्या सुरात म्हणतात तो सूर इथे छापता येणार नाही.

ठेच्याचं तिखट ही चव नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, तो रिसेप्टर खरं तर उष्णता ओळखण्यासाठी आहे. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे तो 'भाजतंय' असा निरोप मेंदूला पाठवतो. कॅप्सेसिन त्याच बेलचं बटण दाबतं. म्हणून गार ठेचा खाल्ला तरी तोंड पोळतं, घाम येतो. हा रिसेप्टर १९९७ मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत विभागून मिळालं. पक्ष्यांच्या रिसेप्टरवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. म्हणजे पिंजऱ्यातला मिठू मिरची खातो यात त्याचं काहीच शौर्य नाही, त्याला ती तिखट लागतच नाही! आणि तिखट लागल्यावर घटाघट पाणी पिणाऱ्यांसाठी : कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते फक्त तोंडभर पसरतं. दूध किंवा दही घ्या. त्यातलं केसीन हे प्रोटीन कॅप्सेसिनला उचलून नेतं. ठेचा-भाकरीबरोबर दह्याची वाटी ठेवणाऱ्या आज्यांना केसीन हा शब्द माहीत नव्हता, बाकी सगळं माहीत होतं.

घास उतरवण्याच्या परीक्षेत ठेचा डिस्टिंक्शनमध्ये पास. गडबड आहे ती टिकण्यात, आणि ही गोष्ट मी गमतीत सांगत नाहीये. आमच्या फ्लोअरवर घरून आलेला ओला ठेचा, वर तेलाचा थर देऊन, खिडकीत आठ-आठ दिवस ठेवतात. लसूण जमिनीतून येतो, त्याच्याबरोबर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात. थोडंसं परतल्याने ते मरत नाहीत. या जिवाणूला हवा नको असते, ओलावा हवा असतो आणि आंबटपणा नको असतो. तेलाखालचा ओला लसूण म्हणजे त्याच्यासाठी फुल्ली फर्निश्ड रूम! त्याचं विष जिवावर बेतू शकतं, आणि वासावरून किंवा चवीवरून ते कळेलच असं नाही. म्हणून ओला ठेचा करावा, त्याच दिवशी खावा, फार तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावा. आपल्या होस्टेलला मुलींसाठी फ्रीज नाही. मेसच्या टेबलावर दिवसभर उघडी वाटी ठेवायची म्हटली तर ठेचा या कसोटीवर नापास होतो. कोल्हापूर आणि जळगाव या दोन्ही पक्षांनी मला माफ करावं.

तिथे जिंकतं लोणचं. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर कैरीच्या लोणच्याइतकं विचारपूर्वक केलेलं डिझाइन स्वयंपाकघरात दुसरं नाही. एक संरक्षण तुटलं तर दुसरं उभं. कैरी मुळातच आंबट. आंबटपणा मोजायच्या पीएच पट्टीवर ४.६ च्या खाली गेलं की वर सांगितलेला तो जिवाणू वाढू शकत नाही, आणि कच्ची कैरी त्याच्या बरीच खाली असते. मग मीठ. फोडींना मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं, हे ऑस्मॉसिस आपण बारावीत घोकलंय. उरलेलं पाणीही मीठ धरून ठेवतं, जिवाणूंच्या हाती लागू देत नाही. वरून तेलाचा थर म्हणजे हवा बंद, बुरशी बंद. "ओला चमचा घालू नकोस गं" हे वाक्य प्रत्येक घरात ओरडून सांगितलं जातं त्याचं कारणही हेच. ओल्या चमच्याने एका कोपऱ्यातलं मीठ पातळ होतं, आणि बुरशीला तेवढा कोपरा पुरतो.

पण लोणच्यातली खरी हुशारी मोहरीत आहे. फोडणीत तडतडलेली मोहरी तुमच्या कधी नाकात गेलीय? नाही. आणि फेसलेली मोहरी? डोळ्यांतून पाणी! दाणा तोच, मग फरक का? मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचा पदार्थ आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम अशा दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतात. दाणा फुटला आणि पाणी मिळालं की दोन्ही एकत्र येतात, आणि त्यातून जो झणझणीत तेलकट पदार्थ तयार होतो तो उडून थेट नाकात जातो. हा पदार्थ जिवाणू आणि बुरशी दोघांनाही सोसत नाही. फोडणीच्या गरम तेलात ते एन्झाइम आधीच मरतं, म्हणून तिथली मोहरी गरीब गाय असते. आता लोणच्याची कृती आठवा. मोहरीची डाळ घ्यायची, म्हणजे दाणा फुटलेला. कैरीला सुटलेलं पाणी त्यात मिसळायचं. आणि तेल कडकडीत तापवून पूर्ण गार झाल्यावरच ओतायचं. रत्नागिरीच्या मैत्रिणीची आजी गरम तेल ओतणाऱ्या सुनेला काय म्हणाली असेल, याची कल्पना करा. एन्झाइम मारलंस, असंच काहीतरी. फक्त शब्द वेगळे.

तर मग लोणच्यालाच मत का नाही? कारण मीठ. शंभर ग्रॅम लोणच्यात बारा ते पंधरा ग्रॅम मीठ धरलं, तर वीस ग्रॅमच्या एका ठसठशीत फोडीबरोबर अडीच-तीन ग्रॅम मीठ पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. पानात डाव्या बाजूला एक फोड, इथपर्यंत लोणचं राजा आहे. पण भाजी न आवडल्यावर चार पोळ्या नुसत्या लोणच्याबरोबर खाणं (मेसमध्ये आठवड्यातून किमान तीनदा दिसणारं दृश्य) हे त्याचं कामच नाही. ते त्या लोडसाठी डिझाइन केलेलं नाही.

आणि इथे ती तिसरी कसोटी येते. आपल्याकडे पान वाढायची एक पद्धत आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडचं चिमूटभर, उजवीकडचं वाटीभर. त्या रात्रीची आमची सगळी डिबेट डाव्या बाजूविषयी चालली होती. बार्शीची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुमचं ठीक आहे गं. आमच्याकडे चटणी बाजूला नसते, मध्ये असते." तिच्या गावाकडे भाकरीबरोबर जे काही खायचं त्याला 'कोरड्यास' म्हणतात. उन्हाळ्यात भाज्या महागल्या, शेतात खुरपणीला पहाटे निघायचं असलं, की भाकरीवर चटणीचा गोळा, त्यावर तेलाची धार, सोबत कांदा. कोरड्यास म्हणजे तेच. त्या दिवसाचं जेवण तेच. ती हे कुणाला वाईट वाटावं म्हणून सांगत नव्हती. लोणच्याचा मुद्दा मांडावा तसाच मुद्दा मांडत होती.

त्यानंतर वादाची भाषा बदलली. प्रश्न "जेवणाला चव कशाने येते?" असा राहिला नाही. जेवण नसेल तेव्हा काय पुरतं, असा झाला. आणि होस्टेलवर हा प्रश्न अजिबात पुस्तकी नाही. रविवारी रात्री मेस बंद असते. महिनाअखेरीस बाहेर खायला पैसे नसतात, हे आपण एकमेकींना सांगत नाही, पण कुणाच्या कपाटातला कोणता डबा कधी उघडतो ते सगळ्यांना दिसतं. एस.टी.च्या पार्सलने येणाऱ्या डब्यांत लाडू, चिवडा चार दिवसांत फस्त होतात. शेंगदाण्याची चटणी मात्र जपून ठेवलेली असते.

सोलापूरकडची ही चटणी म्हणजे भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण आणि मीठ उखळात कुटायचं. दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, ते कुटता कुटता बाहेर येतं आणि चटणी आपोआप ओलसर होते, वरून काही घालावं लागत नाही. मिक्सर नुसतं कापतो, मुसळ दाबतं, फरक तिथे पडतो. ही ओल तेलाची असते, पाण्याची नाही, म्हणून जिवाणूंना तिचा उपयोग नाही. लसूण आधी तव्यावर नीट कोरडा करून घेतला तर आणखी चांगलं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे पंचवीस ग्रॅम प्रोटीन. पोळी, भाकरी, भात, दही, कशाबरोबरही चालते. लसूण वगळला तर उपवासालाही चालते, आणि आपल्या जैन मैत्रिणींनाही.

दोष नाहीत असं नाही. चटणी सडत नाही, पण खवट होते. तेलाचा हवेशी, उजेडाशी आणि उष्णतेशी संबंध आला की ऑक्सिडेशन होतं. जवसाची चटणी तर आणखी लवकर खवटते, कारण त्यातल्या ज्या ओमेगा-३ चं कौतुक सगळे करतात, त्याच रेणूंवर ऑक्सिजन आधी तुटून पडतो. दुसरं, ओल लागलेल्या शेंगदाण्यांवर एक बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्की कोंबड्या अचानक मेल्या, त्या शेंगदाण्याच्या पेंडीतल्या याच विषाने. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. सूप घेऊन काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडत बसणाऱ्या बायका वेळ घालवत नसतात, क्वालिटी कंट्रोल करत असतात. तिसरं, ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि शेंगदाण्यातही ते कमीच. म्हणजे चटणी-भाकरीने पोट भरतं, पण प्रोटीनचं गणित पूर्ण होत नाही, त्याला डाळ किंवा दही लागतं. (या एका मुद्द्यावर मेतकूट-भात चटणीला हरवतो, कारण मेतकुटात डाळी असतात. पण मेतकूट चपातीबरोबर खाऊन दाखवा!)

माझं मत शेंगदाण्याच्या चटणीला. आमच्या फ्लोअरचंही तेच ठरलं, जळगावच्या मुलीचा विरोध नोंदवून. कमिटीला दिलेल्या कागदावर आम्ही पुढच्या गोष्टी लिहिल्यात, बाकीच्या फ्लोअर्सना पटल्या तर त्यांनीही लिहाव्यात. चटणी महिन्याची एकदम न करता आठवड्याची करावी. दाणे मावशींनी एकटीने निवडू नयेत, शनिवारी दुपारी प्रत्येक फ्लोअरच्या दोघींनी मदतीला जावं. बरण्या लहान, घट्ट झाकणाच्या, खिडकीपासून लांब. चमचा कोरडा. निम्मी चटणी बिनलसणाची, वेगळ्या बरणीत. ज्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी आपलं नाव आधी कळवावं, त्यांच्यासाठी कारळ्याची चटणी वेगळ्या टेबलावर आणि वेगळ्या चमच्याने, आणि ती शेंगदाण्याच्या आधी, धुतलेल्या उखळात कुटलेली. उखळ मेसमध्ये आहेच, कोठीत गॅसच्या रिकाम्या सिलिंडरमागे. मावशींनी दाखवलंय. मुसळ तेवढं नवीन घ्यावं लागेल.